प्रकल्प नोंदी: मटण बंद, रविवार चालू

२० जुलै २०२५, रविवार

आजपासून नोंद ठेवायला घेतोय. आखाडातला शेवटचा रविवार, सकाळी साडेसहाला दुकानासमोर चाळीस-पन्नास माणसं उभी, तास-दीड तास थांबून दोन किलो मटण आणि अर्धा किलो खिमा घेऊन आलो. तांबडा, पांढरा, सुकं, खिमा सगळं झालं. आप्पा जेवायला बसले, दोन तुकडे खाल्ले, पांढऱ्याची वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली, म्हणाले, "बास. तुझ्या डोळ्यात भीती दिसतीया." मला काही बोलता आलं नाही.

मे महिन्यात आप्पांना स्टेंट बसला. वय ६९. घरी सोडताना डॉक्टरांनी मटण बंद करायला सांगितलं होतं, आम्ही सगळ्यांनी मिळून ते "कमी करा" असं ऐकलं. त्याच आठवड्यात माझंही रक्त तपासलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६४. वय ४२, बीपी नाही, शुगर नाही. डॉक्टर म्हणाले तीन महिने देतो, खाणं बदलून बघा, नाहीतर गोळी सुरू करू. ते तीन महिने मोजायला मी अजून सुरुवातच केलेली नाही.

मी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. तिथं चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत घालायच्या मालात, काही बदललं की हीट नंबर (त्या वितळणीचा नंबर) टाकून लिहून ठेवायचं, काय घातलं, किती घातलं, टेस्ट बार (तपासायचा नमुना) कसा आला. अठरा वर्षं तेच करतोय. घरात मात्र तिखट-मीठ सगळं अंदाजानं आणि तब्येतही अंदाजानं, म्हणून हे पण तसंच करायचं ठरवलं.

शुक्रवारी २५ तारखेला श्रावण लागतोय. त्या दिवसापासून मटण, खिमा, कलेजी, मुंडी, पाया यातलं काही घरात येणार नाही. श्रावण सुटला की अंडी आणि मासे चालतील, चिकन आठवड्यातनं एकदाच आणि स्किन काढून. चिकनला मर्यादा मुद्दाम ठेवलीय, नाहीतर मटणाच्या जागी रोज कोंबडी येईल आणि कडधान्य शिजवायला आम्ही कधीच शिकणार नाही.

२७ जुलै, रविवार

आज श्रावणातला पहिला रविवार. शिजवण्यात नवीन काही नाही म्हणून मागचा हिशोब मांडला.

आमच्यात आठवड्याला रविवारी दीड किलो मटण आणि बुधवारी अर्धा किलो खिमा. हाडं सोडून शिजलेलं धरलं तर साधारण अकराशे-बाराशे ग्रॅम होतं. ते सहा ताटांत कसं जातं हे आईला आणि बायकोला विचारून लिहिलं. आप्पा आणि मी सव्वातीनशे ग्रॅम प्रत्येकी, पोरगा अडीचशे, आई शंभर, पोरगी शंभर, बायको ऐंशी. बायको म्हणाली, "अहो ऐंशी पण नाही, मी शेवटी बसते, रस्साच उरलेला असतो." हे मी इतकी वर्षं बघत होतो पण आकड्यात कधी बघितलं नव्हतं.

वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाचा सल्ला असा आहे की लाल मांस खायचंच असेल तर आठवड्याला शिजलेलं ३५० ते ५०० ग्रॅमच्या पुढं जाऊ नये. घरातलं अधिक ढाब्यावरचं अधिक शेतावरच्या पार्ट्या धरल्या तर मी निवांत त्याच्या पुढं. आणि लाल मांस म्हणजे फक्त बीफ आणि पोर्क असं आपल्याकडं बरेच जण समजतात, तसं नाही, बोकड आणि मेंढी दोन्ही त्यात येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ साली लाल मांस "बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकलं आणि सॉसेज, बेकन, सलामी असलं प्रक्रिया केलेलं मांस त्याच्या वरच्या, पक्क्या गटात. गट म्हणजे पुरावा किती पक्का आहे ते, धोका किती मोठा ते नव्हे. हे आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "माझा बा तालमीतला, ऐंशी वर्षं मटण खाऊन जगला."

मग मी विचारलं, आज्जा आठवड्यातनं किती वेळा खायचे? आप्पा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आठवड्यातनं कुठलं रं, जत्रेला, पाव्हणा आला तर, न्हाईतर पंधरा दिवसांनी एकदा. रोजचं म्हणजे दूध, बदामाची थंडाई आन् हुलग्याचं माडगं." (हुलगे म्हणजे कुळीथ, माडगं म्हणजे त्याच्या पिठाची पेज.) आणि जोर-बैठका, आणि तालमीपर्यंत चालत. म्हणजे आज्जांचं खाणं म्हणून आम्ही जे मिरवतो ते आज्जांचं नाहीच, ते माझ्या पिढीत पगार महिन्याच्या महिन्याला यायला लागल्यावर सुरू झालंय.

३ ऑगस्ट, रविवार

आठवडाभर मटकी, मसूर, चवळी, पावटा आलटून पालटून. सगळ्यांची पोटं फुगलीत. आईला रात्री झोप नाही. कारण कळलं, आम्ही एकदम पाववाटीवरनं दीड वाटीवर गेलो. आता निम्मं करायचं आणि दर आठवड्याला थोडं वाढवायचं, भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं, मटकी मूग मोड आणूनच, फोडणीत हिंग आणि ओवा.

१० ऑगस्ट, रविवार

पोटाचं बरंच निवळलं. राखीला ताई आलेली, तिला काही सांगितलं नाही, श्रावणच चालू आहे. आजच्याला पनीरचा रस्सा केला, पोरं खूश. बुधवारी पण पनीर होतं. पांढरा रस्सा नारळाच्या दुधात भाज्या घालून केला तो तर आप्पांनी तीन वाट्या घेतला. सोपं आहे की हे, असं वाटायला लागलंय.

२४ ऑगस्ट, रविवार

काल श्रावण सुटला. श्रावणात सगळं गाव आपल्या सोबत असतं, आज पहिल्यांदा आम्ही एकटे. गल्लीत निम्मे लोक गणपती झाल्यावर खातात, निम्म्यांनी आज सकाळीच चुली पेटवल्या. साडेदहाला वाटणाचा वास भिंतीवरनं यायला लागला आणि पोरगा तीनदा किचनमध्ये येऊन गेला. हे गाव मटणाच्या दरासाठी २०१९ साली रस्त्यावर उतरलेलं गाव आहे, इथं रविवारी मटण न आणणं म्हणजे घरात काहीतरी झालंय असं शेजारी समजतात, आणि खरंच दोघींनी आईला विचारलं, "काय सुतक हाय काय?"

सकाळी मुद्दाम दुकानावरनं गेलो. मामांकडनं आम्ही तीस वर्षं घेतोय, चाप कुठला, मांडी कुठली, आप्पांना पालव्याचंच (कोवळ्या बोकडाचं) लागतं, हे त्यांना सांगावं लागत नाही. न सांगता रस्ता बदलणं मला जमलं नसतं. सगळं सांगितलं. सुरी खाली ठेवून ऐकलं त्यांनी आणि म्हणाले, "आप्पास्नी आधी बरं वाटू दे. दुकान कुठं पळून जातंय? आन् इकडनं जाताना हाक मारत जावा." घरी येईपर्यंत गळा भरून आला होता.

ट्रायल १: सोयाचंक्सचा तांबडा. फेल. चंक्स गरम पाण्यात टाकले, पिळले आणि थेट रस्स्यात सोडले. कच्च्या सोयाचा वास तसाच राहिला, रस्सा पातळ, तिखट वर तरंगतंय आणि खाली नुसतं पाणी. आप्पांनी भाकरी कुस्करली, दोन घास खाल्ले आणि दह्याशी जेवले. पोरगी म्हणाली, "पप्पा, मी अजून थोडं घेतो," तिनं फक्त माझ्यासाठी घेतलं हे मला कळत होतं.

३१ ऑगस्ट, रविवार

आज गौरी आल्या. शेपूची भाजी, भाकरी, वडी. आजच्या दिवशी मटणाची आठवण कुणालाच नाही.

७ सप्टेंबर, रविवार

काल गणपती गेले. आज रात्री खग्रास चंद्रग्रहण, वेध लागायच्या आत म्हणून आईनं साडेबाराच्या आत सगळ्यांना जेवायला बसवलं.

शुक्रवारी सहा आठवडे झाले म्हणून रक्त दिलं होतं. एलडीएल १६०. दीड महिना मटणाचा तुकडा तोंडात नाही आणि चार पॉइंट. एवढा फरक तर नुसता तपासणीतही पडू शकतो. रिपोर्ट दुपारभर खिशात घेऊन फिरलो, आप्पांना दाखवला नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

फौंड्रीत एखादी हीट बिघडली की आधी चार्ज शीट, म्हणजे भट्टीत काय काय घातलं त्याची नोंद, काढतात. तसंच वही काढली आणि सहा आठवड्यांत काय काय शिजलं ते बघितलं. पनीर आठवड्याला दोनदा, कधी तीनदा, म्हणजे घराला सव्वा किलो. पांढरा रस्सा दर रविवारी, एकेका वेळेला दीड नारळ. वाटणाला सुक्या खोबऱ्याची वाटी. आणि तांबड्यावर तर्री यावी म्हणून वाटीभर तेल.

शंभर ग्रॅम पनीरमध्ये प्रोटीन साधारण १८ ग्रॅम आणि फॅट वीसच्या वर, आणि ते बहुतेक सॅच्युरेटेड. खोबऱ्याचं तर तेलच जवळजवळ नव्वद टक्के सॅच्युरेटेड. बोकडाचं मटण चरबीचा तुकडा मागून न घेता घेतलं तर पनीरपेक्षा कमी फॅटचं असतं. म्हणजे मी मटण काढलं आणि त्या जागी तेच दुसऱ्या भांड्यातनं घातलं.

हे नीट कळावं म्हणून डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनी दहा मिनिटं दिली. रक्तातलं एलडीएल उचलून नेण्याचं काम लिव्हर करतं, सॅच्युरेटेड फॅट जास्त झालं की लिव्हरचं ते उचलणं मंदावतं, मग ते फॅट बोकडाचं असो, म्हशीच्या दुधाचं असो की नारळाचं. उलट कडधान्यात, ओट्समध्ये जो विरघळणारा फायबर असतो तो आतड्यात पित्त धरून बाहेर घेऊन जातो, नवीन पित्त करायला लिव्हरला कोलेस्टेरॉल लागतं, ते मग रक्तातनं घेतलं जातं. म्हणजे काय सोडलं एवढंच बघून चालत नाही, त्या जागी काय आलं ते निम्मं काम आहे. हे मला २० जुलैला कळायला पाहिजे होतं.

बदल असे. पनीर महिन्यातनं दोनदा, तेही थोडं. पांढऱ्याला नारळाचं दूध पाव, बाकी दाटपणा तीळ, खसखस आणि मगज (कलिंगड-खरबुजाच्या बिया) वाटून. वाटणात सुकं खोबरं दोन चमचे, त्याऐवजी भाजलेले तीळ आणि भाजलेला कांदा जास्त. तेल अख्ख्या भांड्याला मोजून चार चमचे.

१४ सप्टेंबर, रविवार

ट्रायल ३ (मधे एकदा मशरूमचा केला, तो खाली लिहितो). आज जमलंय. सविस्तर लिहून ठेवतोय कारण पुन्हा असंच करायचं आहे.

आप्पांच्या माडग्यावरनं डोक्यात होतं. मटणाच्या रस्स्याला जो भारीपणा असतो तो अळणीमुळं, हाडाचं पाणी. ते पाणी कशाचं करायचं हा खरा प्रश्न होता आणि मी तुकडा कशाचा करायचा यातच अडकलेलो. हुलग्याचं कट चांगलं दाट, गडद आणि जरा मातकट चवीचं येतं. ३०० ग्रॅम हुलगे रात्री भिजवले, पाणी ओतून दिलं, नव्या पाण्यात कुकरला लावले, सोबत गॅसवर काळा होईस्तोवर भाजलेला एक कांदा, लसणाचा अख्खा गड्डा, चार मिरी, दगडफूल, तमालपत्र, हळद. दहा शिट्ट्या. हुलग्याला वेळ लागतो, घाई केली तर कट उतरत नाही. मग गाळून घेतलं.

इथं एक लक्षात ठेवायचं, कटात चव उतरते, प्रोटीन फारसं उतरत नाही, ते दाण्यातच राहतं. कट घेऊन हुलगे टाकून दिले तर सगळं वाया. त्यामुळं निम्मे हुलगे वाटून परत रस्स्यात घातले, त्यानं अंग आलं. उरलेल्या निम्म्याचं कांदा-लसूण चटणीत सुकं.

वाटण: तीळ, खसखस, धणे, लवंग, दालचिनी, दोन चमचे सुकं खोबरं, भाजलेला कांदा, आलं लसूण कोथिंबीर. तर्रीसाठी युक्ती आईची. चार चमचे तेल कडकडीत तापवून गॅस बंद करायचा, अर्धा मिनिट थांबून त्यात ब्याडगी पूड आणि चटणी घालायची आणि लगेच दोन पळ्या कट. चटणी करपत नाही आणि रंग सगळा तेलात उतरतो, वाटीभर तेलाला जेवढी लाली येत होती तेवढीच चार चमच्यांत आली. मीठ हात राखून, कारण चटणीत आधीच असतं आणि आप्पांना बीपीची गोळी आहे.

चंक्स पण घातले पण वेगळ्या पद्धतीनं. मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, पिळून गार पाण्यात धुऊन परत पिळणे असं तीनदा, मग दही आलं-लसूण हळद लावून तासभर आणि लोखंडी तव्यावर तांबूस होईपर्यंत. वास गेला. कोरड्या सोयाचंक्समध्ये शंभराला ५२ ग्रॅम प्रोटीन असतं, त्यामुळं माणशी तीस ग्रॅम पण भरपूर होतात.

मशरूमबद्दल: मागच्या वेळी सगळे एकदम कढईत घातले तर पाणी सुटून उकडले गेले. थोडे थोडे, मोठ्या आचेवर, मीठ न घालता आधी पाणी आटवायचं, मग बाकीचं. चव छान लागते पण प्रोटीन शंभराला तीनच ग्रॅम, त्यामुळं मशरूम चवीला ठेवायचे, पोटाला नाहीत. कच्च्या फणसाचं पण तसंच, बऱ्याच लोकांनी सांगितलं फणस मटणासारखा लागतो, धागे सुटतात हे खरं, पण प्रोटीनच्या नावानं फार काही नाही आणि आत्ता तो मिळतही नाही, उन्हाळ्यात बघू.

आप्पा पहिली वाटी प्याले. थांबले. दुसरी मागितली. म्हणाले, "मटण न्हवं हे. पर रस्सा हाय." मी जाऊन आईला सांगितलं तर तिनं ओट्याकडं तोंड करून डोळे पुसले, मे महिन्यापासून आप्पांनी मागून घेतलेली ही तांबड्याची पहिलीच वाटी.

१७ सप्टेंबर, बुधवार

खिमा: अख्खा मसूर अर्धवट शिजवून जाडसर कुटलेला, सोया ग्रॅन्युल्स, वाटाणा, पुदिना, गरम मसाला. पोरानं पावाबरोबर खाल्लं, डब्याला पण मागितलं. याला फार ट्रायल लागल्या नाहीत. इस्लामपूर-पेठनाक्याच्या बाजूला लोक अख्खा मसूर खायला गाड्या थांबवतात, आपण तो बाहेर आवडीनं खातो आणि घरात कधी करत नव्हतो.

२१ सप्टेंबर, रविवार

मासे. रत्नागिरीचा बांगडा. जून-जुलैची मासेमारीबंदी संपून आता गाड्या रोज येतायत. तळला नाही, आलं-लसूण, कोकम, चटणी लावून तव्यावर. बांगडा आणि तारली हे तेलाचे मासे, हृदयाला चांगलं म्हणतात ते ओमेगा-३ यांच्यातच जास्त असतं आणि सुरमई-पापलेटपेक्षा कितीतरी स्वस्त. आप्पांसाठी आठवड्यातनं दोनदा करायचं ठरलं. (फौंड्रीतल्या ज्या मित्राला युरिक ॲसिडचा त्रास आहे त्याला मात्र तारली सांगितली नाही, त्या त्रासाला ती चालत नाही.)

आज दुसरं पण लिहायचं आहे. बायकोचं हिमोग्लोबिन १०.४ आलं. ती बरेच दिवस दमते, जिना चढताना थांबते, मी ते कामाचं समजत होतो. माझ्या ओळखीत दोघांनी लगेच म्हटलं, बघ, मटण बंद केलंस त्याचं हे. पण वहीत लिहिलेलं आहे, तिच्या ताटात आठवड्याला ऐंशी ग्रॅम पण येत नव्हतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह आणि बाईला २९. आणि आमच्या घरात ज्याला कमी लागतं त्याच्या ताटात चारपट. हे लिहिताना मला लाज वाटतेय आणि ती वाटायलाच पाहिजे.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्या चालू. मटणातलं लोह अंगाला लवकर लागतं, कडधान्यातलं कमी, हे खरं आहे, पण त्यावर लिंबू पिळलं, टोमॅटो-कोथिंबीर असली की ते चांगलं लागू होतं. मोड आणल्यानं पण फरक पडतो. आणि जेवल्या जेवल्या चहा बंद, तासाभरानं घ्यायचा, चहा लोहाला अडवतो. आमच्यात जेवण झालं की चहा ठेवायची सवय होती. बी-१२ कडधान्यातनं मिळतच नाही, त्यासाठी दूध, दही, अंडी, मासे ठेवलेच आहेत, जे हे पण खात नाहीत त्यांनी तपासून घ्यावं.

आणि आजपासून सगळे एकदम जेवायला बसतो. भांडं मध्ये, ज्यानं त्यानं वाढून घ्यायचं. आईला पहिल्यांदा अवघडल्यासारखं झालं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. आज मित्राच्या शेतावर जेवण, दरवर्षीचं. मी सांगून गेलो होतो की खाणार नाही, पण ताट समोर आलं आणि शाळेपासूनचे मित्र म्हटल्यावर, "एक दिवसानं काय होतंय भावा" म्हणत दोघांनी वाढलं आणि मी खाल्लं. चार तुकडे, शंभर-सव्वाशे ग्रॅम. दोन वाट्या तांबडा. नोंद करतोय, कारण केली नाही तर बाकीच्या नोंदींना अर्थ नाही.

येताना गाडीवर विचार करत होतो. तुकडे मी पुन्हा मागितले नाहीत, रस्सा मागितला. आणि आवडलं काय तर आंब्याखाली बसून सगळ्यांनी एकाच टोपातलं घेतलेलं. घरी आल्यावर आप्पांना सांगितलं, ते एवढंच म्हणाले, "लिव्हलंस न्हवं? मग झालं."

१२ ऑक्टोबर, रविवार

ट्रायल ७. पांढरा अजून जमत नव्हता, तीळ जास्त झाले की कडवट होतो. आज तीळ न भाजता, भिजवून, मगजाच्या निम्मे. कटाऐवजी शेवग्याच्या शेंगा, फ्लॉवरचे दांडे, मिरी, वेलदोडा, आल्याचं पाणी. नारळाचं दूध फक्त शेवटी अर्धी वाटी, उकळी येऊ न देता. आई म्हणाली निम्मा जमला. मलाही तेवढंच वाटतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

बारा आठवडे. एलडीएल १३१. वजन ८४ वरनं ८१. रिपोर्ट हातात आल्यावर मी आधी सहा आठवड्यांचा कागद काढून शेजारी ठेवला. शेतावरचं ते एक ताट सोडलं तर मटण दोन्हीकडं बंदच होतं, फरक पनीर, खोबरं, तेल आणि कडधान्याचा. डॉक्टर म्हणाले असंच चालू ठेवा, तीन महिन्यांनी परत बघू, गोळी आत्ता नको.

आप्पांचं एलडीएल ६६ आहे, त्यांना सत्तरच्या खाली सांगितलेलं. पण त्यांना गोळी चालू आहे त्यामुळं ते खाण्यामुळं झालं असं मी म्हणणार नाही, त्यातला मोठा वाटा गोळीचा. कुणी हे वाचून मनानं गोळी बंद करू नये म्हणून ठळक लिहितोय. बायकोचं हिमोग्लोबिन ११.३, गोळ्या चालूच.

पैशाचं पण लिहितो. मटण सातशे-आठशेच्या घरात, महिन्याला आठ किलो म्हणजे सहा हजार सुटले. त्यातले तीनेक हजार मासे, अंडी, तीळ-मगजात गेले.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

ताई आणि दाजी आले. दाजींना मटण लागतंच, लग्नापासून या घरात त्यांना भाऊबीजेला मटणाशिवाय जेवू घातलेलं नाही. आई दोन दिवस म्हणत होती, त्यांच्यापुरतं अर्धा किलो आण, बरं दिसत नाही. मी मामांच्या दुकानापर्यंत गेलो पण. हाक मारली, दिवाळीचा फराळ दिला, आणि परत आलो.

हुलग्याचा तांबडा, चंक्सचं सुकं, बांगडा, पांढरा (अजून निम्माच), ज्वारीच्या भाकरी. सगळे गोल बसलो, टोप मधे. मी दाजींना आधीच सांगितलं की मटण नाही, फसवून वाढायचं नव्हतं. दाजी पहिली वाटी बघत बघत प्याले, दुसरी घेतली, तिसऱ्या वाटीला त्यांनी विचारलं, "कशाचं पाणी हाय हे?" मी बोलायच्या आत आप्पा म्हणाले, "हुलग्याचं. माझ्या बाच्या तालमीतलं." आणि मग हुलगे कुणाच्या शेतातले, किती वेळ भिजवायचे, कांदा गॅसवर कसा काळा करायचा हे सगळं आप्पाच सांगत बसले, ओट्याजवळ उभं राहून त्यांनी हे कधी बघितलं मला माहीत नाही.

निघताना ताईनं किलोभर हुलगे आणि आईची चटणी बांधून घेतली.

रविवारसाठी: हुलगे ४०० ग्रॅम, शनिवारी रात्री आठच्या आत भिजत घालणे. पांढऱ्याला तीळ अजून पाव कमी, आप्पांनी सांगितलंय. कांदा ते भाजणार आहेत.